उंचावरच्या पुळणीतील शिंपल्यांवरून प्राचीन हवामान कसे कळते?

समुद्रापासून कित्येक मीटर उंचीवर शिंपले सापडले, तर त्यावरून पाणी तिथवर होते एवढेच कळते. त्या काळी हवामान उष्ण होते हे कशावरून ठरवतात, असे आपण विचारले आहे. ही शंका अगदी रास्त आहे, कारण शिंपल्याची उंची आणि शिंपल्याची जात या दोन स्वतंत्र साक्षी आहेत आणि हवामान सांगते ती मुख्यतः दुसरी.

स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तर ध्रुवीय द्वीपसमूहात हा फरक फार स्पष्ट दिसतो. हिमयुगातील बर्फाच्या भाराने दबलेली तिथली जमीन बर्फ वितळल्यावर सावकाश वर आली आणि जुन्या पुळणीही तिच्याबरोबर उचलल्या गेल्या. म्हणजे तिथल्या उंचीचा उन्हाळे किती उबदार होते याच्याशी थेट संबंध नाही. मात्र त्या पुळणींत मिटिलस एड्युलिस या तुलनेने उबदार पाणी लागणाऱ्या दोन शिंपांच्या प्राण्याचे शिंपले मिळतात. कोकण-गोव्यात आपण जे शिनाणे खातो, त्यांच्याच कुळातला हा प्राणी. रेडिओकार्बन पद्धतीने, म्हणजे अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढून, यांतील सर्वांत जुने शिंपले सुमारे ११,००० वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. पुढे पाणी थंडावत गेले तसा तो तिथून नाहीसा झाला आणि जवळपास १,००० वर्षांच्या खंडानंतर २००४ साली संशोधकांना तिथे पुन्हा जिवंत आढळला. त्याहून बोलकी जात म्हणजे मऊ खडकात भोक पाडून राहणारी झिर्फिया क्रिस्पाटा. तिचे शिंपले स्वालबार्डच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या थरांत आहेत, पण आज ती उत्तरेकडे नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापर्यंतच आढळते. त्या काळी पृथ्वी उत्तरेकडील उन्हाळ्यात सूर्याच्या अधिक जवळ असे, हे कारणही याच्याशी जुळते.

भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीच्या किनारी थरांत पर्सिस्टिस्ट्रॉम्बस लॅटस हा मोठा शंख मिळतो, जो आज पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण पाण्यात राहतो. तिथे मात्र दोन्ही साक्षी एकाच दिशेला जातात, कारण त्या उबदार काळात जगातील बर्फ कमी असल्याने समुद्रच आजच्याहून काही मीटर उंच होता.

तरीही एका शिंपल्यावर विसंबून निष्कर्ष काढू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दोन्ही शिंपा जोडलेल्या असतील, तर तो प्राणी बहुधा तिथेच जगला आणि तिथेच पुरला गेला. सुटी, झिजलेली शिंप लाटांनी कुठूनही आणलेली असू शकते. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन असल्यामुळे रेडिओकार्बनचे वय काही शतकांनी जास्त येते, म्हणून तेही दुरुस्त करून घ्यावे लागते. शिंपल्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून, तापमान काढता येते (हलका ऑक्सिजन जास्त तर पाणी उबदार), पण हिमनदीच्या मुखापाशी वितळलेले गोडे पाणी मिसळले की हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि थंडगार पाणीसुद्धा आकड्यांत उबदार भासते. म्हणून अशा ठिकाणी मी आधी त्या थरात कोणकोणत्या जाती एकत्र नांदत होत्या याची यादी पाहतो आणि समस्थानिकांचे आकडे नंतर.