वडिलांना पार्किन्सन (कंपवात) आहे, झोपेत श्वास अडकतो. हे आजारातच धरायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील घोरता घोरता मध्येच गप्प होतात, दिवसभर पेंगतात, आणि घरचे म्हणतात ‘आजारच तसा आहे’. आमच्या घरात हेच वाक्य दोन वर्षं चाललं. थोडक्यात उत्तर: नाही, लगेच आजाराच्या खात्यावर टाकू नका.

आम्ही चोपड्याकडचे. आमच्या आबांनाही पार्किन्सन आहे. मे महिन्यात सगळे गच्चीवर झोपतो. एका रात्री आईने मला हलवून उठवलं, “आबासना दम अटकस.” मी मोबाईलवर सेकंद मोजले. घोरणं बंद, छाती-पोट हलतंय पण हवा काही आत जात नाही. २२व्या सेकंदाला एकदम फुर्रकन श्वास, आणि पुन्हा घोरणं सुरू. दहा मिनिटांत सात वेळा.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो मोजतात. थांबलेले आणि अर्धवट झालेले श्वास मिळून तासाला ५ पेक्षा कमी असले तर ठीक, ३० च्या वर गेले तर तीव्र. आबांचे ३४ निघाले. आबा अगदी चिपाड, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती. हा त्रास जाड माणसालाच होतो असं आम्ही धरून चाललो होतो. पार्किन्सनमध्ये रात्री गोळीचा असर उतरला की कूस बदलता येत नाही. माणूस उताणाच पडून राहतो, जीभ मागे जाते, घसा बंद.

आमची मोठी चूक सांगतो. ‘झोप नीट लागत नाही’ म्हणून मेडिकलवरून झोपेची गोळी आणली. तिने घशाचे स्नायू अजून सैल पडतात. तुम्ही ती चूक करू नका. पार्किन्सनच्या गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा. झोपेत ओरडणं, लाथा मारणं होत असेल तर तेही सांगा. तो स्वप्नांचा वेगळा त्रास असू शकतो आणि त्याची एक नेहमीची गोळी श्वास अडकणाऱ्याला जपूनच द्यावी लागते. श्वास आत घेताना शिट्टीसारखा चिरका आवाज येत असेल, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. ते साधं घोरणं नसतं, कधी कधी मूळ आजारच वेगळा निघतो.

पुढे स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास मोजायची तपासणी. आबांना सीपॅप लागलं: नाकावर मास्क, त्यातून दाबाने हवा, म्हणजे घसा उघडा राहतो. कापऱ्या हातांनी मागचा पट्टा जमेना, म्हणून पुढून चुंबकाने लागणारा मास्क घेतला (पेसमेकर असेल तर तो चालत नाही). आपल्याकडची वीज बघता इन्व्हर्टर ठेवा. मशीनच्या ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात) बोअरचं पाणी घालू नका, क्षार साचतो. डिस्टिल्ड वॉटर आणा. हाताचं कापणं काही कमी झालं नाही, पण आबा आता जेवता जेवता झोपत नाहीत. मशीनला ‘सोंड’ म्हणतात आणि पहिला महिना रोज रात्री दोनला काढून फेकायचे.

आणि व्हिडिओ काढताना तोंडावर टॉर्च मारू नका, जागे होतील. ओट्यावरचा बल्ब पुरतो.