पेशींचा चिकटपणा कमी झाला की कॅन्सर पसरतो म्हणतात. मग चिकटपणा वाढवणारं औषध का देत नाहीत?

पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं स्लाइड बनवतेय. त्यातली एक माझ्या मावशीची होती, म्हणून लिहितेय.

मावशीला गाठ नव्हतीच. "एक बाजू जरा घट्ट लागते गं," एवढंच म्हणायची. मॅमोग्राफीत काही दिसलं नाही. डॉक्टरांनी तरी बायोप्सी सांगितली, तर मोठे मामा आडवे आले. "सुई लावली की कॅन्सर पसरतो." सात महिने त्यात गेले.

शेवटी बायोप्सी झाली तेव्हा ई-कॅडहेरिनचा स्टेन, म्हणजे ते जिथे असेल तिथे तपकिरी उमटणारा रंग, मीच लावला. हे प्रथिन शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. दुधाच्या निरोगी नलिकांमध्ये प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ उमटली होती, जाळीसारखी. बाजूच्या कॅन्सरच्या पेशींत तपकिरीचा मागमूस नाही. नुसती निळी केंद्रकं, मुंग्यांसारखी एकामागे एक. लोब्युलर कार्सिनोमा. स्तनाच्या दर १०० कॅन्सरांत १० ते १५ याच प्रकारचे. पेशी एकमेकींना धरत नाहीत, गोळा बनत नाही, म्हणून अनेकदा हाताला लागत नाही आणि मॅमोग्राफीतही निसटतो. बहुतेकदा ई-कॅडहेरिन बनवणारं सीडीएच१ हे जनुक बिघडलेलं असतं. न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबात पिढ्यान्पिढ्या जठराचा कॅन्सर का होत होता, तेही १९९८ मध्ये याच जनुकावरून उलगडलं.

मामांना तेव्हा सांगता आलं नाही ते आता सांगते. मावशीच्या पेशी सुटल्या होत्या त्या आतूनच, सुईच्या कितीतरी आधी. स्टेन लावला तो तिच्या पहिल्याच बायोप्सीवर!

औषधाचं म्हणाल तर पसरायलाही चिकटावं लागतं. रक्तातून गेलेली पेशी नव्या जागी इंटिग्रिन या दुसऱ्या चिकटवणाऱ्या प्रथिनांच्या आधाराने रुजते. घोळक्याने फिरणाऱ्या पेशी एकट्या पेशीपेक्षा जास्त तग धरतात. स्तन लाल होऊन सुजतो त्या इन्फ्लमेटरी प्रकारच्या कॅन्सरात ई-कॅडहेरिन शाबूत असूनही रोग झपाट्याने पसरतो. तेव्हा नुसता चिकटपणा वाढवून भागत नाही. मावशीला हार्मोनला अडवणारी गोळी चालू आहे, कारण लोब्युलर बहुधा इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतो.

वृषणाच्या गाठीला सुई लावणं डॉक्टर टाळतात, हे खरं. स्तनातही सुईच्या वाटेत कधी चार पेशी सरकतात, पण त्याने रोग्याचं आयुष्य घटल्याचं दिसलेलं नाही. बायोप्सी सांगितली असेल तर याच आठवड्यात करून घ्या. घरात कोणी आडवं आलं तर हे त्यांना वाचून दाखवा.