लाकूड घासायच्या सँडरने गाडी चमकते का?

दसरा जवळ आला की माझ्याकडच्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: गाडी घरीच पॉलिश करायची आहे, मशीन मात्र घ्यायचं नाही. यंदा सँडरवाले जास्त आहेत, म्हणून आजचा सदर त्यांच्यासाठीच.

टेबल घासायला १२५ मिमीचा रँडम ऑर्बिटल सँडर घेतला होता. त्यालाच फोमचं पॅड लावून काळ्या गाडीवरची कोळ्याच्या जाळ्यासारखी ओरखड्यांची नक्षी काढता येईल का? दुकानदार म्हणतो, रंग निघून येईल. (एक वाचक, नाशिक)

काढता येईल. आणि सपाट जागी रंग निघून येण्याइतकी धमक या मशीनमध्ये सहसा नाही, पॉलिश पेपर न लावता फोम लावलात तर.

सगळी गोम फेऱ्यात आहे. सँडरची थाळी स्वतःभोवती फिरता फिरता एक छोटंसं वर्तुळ काढते. त्याचा व्यास साधारण २ ते २.५ मिमी असतो. पॉलिशसाठीच बनवलेल्या ड्युअल अ‍ॅक्शन मशीनमध्ये हाच व्यास ८ पासून थेट २१ मिमीपर्यंत जातो. म्हणजे सँडर मिनिटाला १२,००० वेळा पळतो खरा, पण मुंगीच्या पावलांनी. त्यामुळे काम हळू होतं, पण चूकही हळू होते. जास्त दाबलंत तर थाळी फिरायची थांबते आणि जागच्या जागी थरथरते. गॅरेजमधलं रोटरी मशीन, म्हणजे नुसतं एकाच आसावर फिरणारं, दाबल्यावर असं थांबत नाही, लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) जाळून मोकळं होतं. नवशिक्याच्या हातात मी रोटरीच्या आधी सँडर देईन.

एक मात्र आहे. तुमचा सँडर टेबल घासून आलाय. त्याच्या वेल्क्रोत ८० नंबरच्या कागदाचा एक कण जरी राहिला, तरी बॉनेटवर आज आहे त्याच्या दसपट नक्षी उमटेल. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेच्या पाइपने आतबाहेर फुंकून घ्या, थाळी ब्रशने घासा, धुळीची डबी काढून ठेवा. आतला पंखा हवा बाहेर फेकतोच, ते तोंड गाडीकडे नको.

दोन रविवार सँडर फिरवला. हात सुन्न झाले, गाडी जशीच्या तशी. कंपाउंड महागातलं होतं. चुकतंय कुठे? (एक वाचक, कोल्हापूर)

कंपाउंडला, म्हणजे पॉलिशच्या पेस्टला, दोष देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फोम चांगला इंचभर जाड आणि मऊ आहे. अशा फोमच्या वरच्या बाजूला मशीन २ मिमी सरकतं आणि ती हालचाल फोमच्या पोटातच जिरते. खालचा चेहरा रंगावर जवळपास स्थिर बसून असतो. म्हणजे तुमचे हात हलले, पॅड नाही. सँडरसाठी फोम पातळ हवा, १२ ते १५ मिमीचा आणि जरा कडक. त्याहून बरं म्हणजे मायक्रोफायबरचं कटिंग पॅड (ओरखडे घासून काढणारं). आकार थाळीएवढा किंवा किंचित मोठा. फार मोठं लावलंत तर ते फिरणारच नाही.

आता एक करा. थाळीच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती रेघ डोळ्याला गरगर फिरताना दिसली पाहिजे. एकाच जागी उभी राहिली, की दाब जास्त झाला किंवा मशीन तिरपं झालं. ही रेघ पाहायला लागल्यापासून माझा स्वतःचा हात सुधारला, कोणाच्या शिकवणीने नाही.

पॅडवर कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार थेंब, हाताने पसरून घ्या, मगच मशीन चालू करा. नाहीतर भिंतीवर नक्षी. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन, त्यावर आधी आडव्या मग उभ्या फेऱ्या, मिळून सहा-आठ. हात इतका सावकाश सरकवा की कंटाळा आला पाहिजे. मग पुसून बाजूने टॉर्च मारून बघा. एका बॉनेटला दीड-दोन तास गेले तर ते ठीकच आहे. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा, आणि अधूनमधून त्याला हात लावून बघा. बारीक फेरा आणि जास्त वेग यांमुळे वेल्क्रोच्या बाजूला उष्णता साठते. माझ्या एका पॅडचा गोंद वितळून फोम थेट अंगणात जाऊन पडला होता.

ग्राइंडरला फोमचं पॅड मिळतं, ते लावलं तर? (एक वाचक, पनवेल)

नको. चार इंची ग्राइंडर एकाच आसावर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. रोटरी पॉलिशर याच कामाला १,०००-२,००० वर चालवतात. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च सँडरपेक्षा जास्त येईल.

माझ्या सँडरला वेग कमी करायचं चाक नाही. पंख्याचा रेग्युलेटर जोडू का? (एक वाचक, पुणे)

पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, तुमचा सँडर २५० च्या पुढे. त्या रेग्युलेटरची तेवढी ताकद नसते. चाक नसलेल्या मशीनवर काम करायचंच असेल तर पॅड सतत हलतं ठेवा आणि प्लास्टिकच्या बंपरला हात लावू नका. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक धरून ठेवतं. चौकोनी, कागद चिमट्यात अडकवायचा सँडर असेल तर त्याने पॉलिश विसरा. त्याची थाळी गोल फिरतच नाही.

पॉलिश केल्याने रंग पातळ होतो म्हणतात. किती वेळा चालेल? (एक वाचक, नागपूर)

होतो, हे खरं आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि लॅकर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. त्यात लॅकर ४० च्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. एका हलक्या पॉलिशमध्ये दोन-तीन मायक्रॉन जातात. म्हणून दर दिवाळीला नको. मधल्या काळात वॅक्स लावा. कडा आणि बॉनेटवरच्या उभ्या रेघा यांवर थर आणखी पातळ असतो. तिथे मास्किंग टेप चिकटवा. मी ती एकदा चिकटवली नव्हती. माझ्याच गाडीच्या डिकीच्या कडेला प्रायमरची करडी रेघ अजून आहे.

नख अडकतंय असा ओरखडा सोडून द्या, तो पॉलिशने काढायला फार खोल आहे. आणि गाडी जुनी असेल आणि फडक्यावर तिचाच रंग आला तर घाबरू नका. जुन्या पांढऱ्या मारुती ८०० सारख्या गाड्यांवर वरून लॅकर नसायचाच. मॅट रंगाला मात्र पॉलिश कधीच नाही. नागपूरच्या उन्हात बॉनेट तापलेलं असताना कंपाउंड क्षणात वाळतं, तेव्हा पहाटे किंवा शेडमध्ये.

पिवळे पडलेले हेडलाइट? (एक वाचिका, ठाणे)

इथे सँडर खरा कामाला येतो. ८००, १५००, २०००, ३००० अशा चढत्या नंबरांचे पाणी पेपर घ्या. पाण्याचं घासकाम हातानेच; विजेचं मशीन आणि ओलं बॉनेट एकत्र आणू नका. शेवटची पॉलिश मात्र कोरडं करून सँडरने. त्यानंतर यूव्ही लॅकर मारायलाच हवा, कारण तुम्ही मूळचा संरक्षक थर काढून टाकलाय. नाहीतर काही महिन्यांत काच परत पिवळी.

गेल्या दिवाळीत मन लावून सगळं केलं. संक्रांतीपर्यंत जाळी परत आली. (एक वाचक, पिंपरी)

सोसायटीत सकाळी गाडी पुसायला कोण येतं? एक बादली, एक फडकं, वीस गाड्या, आणि पाणी चौथ्या गाडीलाच मातकट. कोरड्या धुळीवर ते फडकं फिरतं, तिथेच ही जाळी विणली जाते. त्या माणसाला बोल लावू नका, त्याला मिळतात त्या पैशात तो हेच करणार. त्याला दोन मायक्रोफायबर तुम्ही द्या, फक्त तुमच्या गाडीसाठी, आणि सांगा: रोज पुसू नकोस, आठवड्यातून दोनदा आधी पाणी मार, धूळ वाहू दे, मग फडकं. काचा रोज पुसल्या तरी चालतील.