‘सुधारणा झाली’ हे कशावरून?

संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. दीड वर्षापासून ती एका संस्थेच्या वाचनवर्गांत स्वयंसेवक म्हणून जाते. वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाचणीचे गुण संगणकात भरण्याचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की मधेच वर्ग सोडून गेलेली मुलं दुसऱ्या चाचणीत नाहीतच. उरलेल्यांची सरासरी वाढली आणि अहवालात ‘वाचनात लक्षणीय सुधारणा’ असं छापून आलं. तिने विचारलं, तर ‘देणगीदारांना एवढंच लागतं’ असं उत्तर मिळालं.

ती लिहिते, “असे कार्यक्रम खरंच उपयोगी पडतात का, हे तपासणं हे पोटापाण्याचं काम होऊ शकतं का? त्यासाठी पुढे काय शिकू? बाबा म्हणतात, दुसऱ्याच्या चुका काढण्यात कसलं आलंय करिअर, सरळ डेटा अॅनालिटिक्सला जा. मलाही कधी कधी वाटतं, ही माणसं एवढं मनापासून काम करतात, त्यांच्यात खोट काढणारी मी कोण?”

सप्रेम नमस्कार,

गळालेली मुलं तुझ्या नजरेत आली, याचा मला फार आनंद झाला. गुण भरणारे बहुतेक जण समोर असलेले आकडे भरतात, नसलेल्यांचा विचार करत नाहीत. वर्ग कोण सोडतं ते बघ. ज्याला जमत नाही, ज्याच्यावर घरी कामं पडतात, जो आधीच मागे आहे तो. अशी मुलं निघून गेली की उरलेल्यांपैकी एकालाही एक अक्षर जास्त न येता सरासरी वर जाऊ शकते. म्हणजे तो अहवाल खोटा असेलच असं नाही, पण त्यावरून काहीच कळत नाही. आणि ज्यांच्यासाठी वर्ग काढला, त्यांचाच त्यात पत्ता नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हो, हे पोटापाण्याचं काम आहे. जाहिरातींमध्ये ते ‘मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन’ (देखरेख आणि मूल्यमापन) या नावाने दिसेल, रोजच्या बोलण्यात सगळे ‘एम अँड ई’ म्हणतात. सामाजिक संस्था, सरकारी योजना, संशोधन संस्था, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, निधी देणारे ट्रस्ट अशा सगळ्यांना ही माणसं लागतात. सुरुवात फील्ड इन्व्हेस्टिगेटर किंवा रिसर्च असिस्टंट म्हणून होते.

आता बाबांच्या आक्षेपाकडे येते, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं. या कामात चुका सापडतात, हे खरं. पण त्या सापडल्यावर पुढे काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. तू वाचनवर्गात काम करतेस, म्हणून वाचनाचंच उदाहरण घेते.

२००५-०६ मध्ये शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेच्या कामाची उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात तपासणी झाली. चिठ्ठ्या टाकून काही गावं निवडली, बाकीची तुलनेसाठी ठेवली. काही गावांत फक्त बैठका घेऊन शिक्षण समित्यांना त्यांचे अधिकार समजावले. काहींत त्याच्या जोडीला मुलांच्या वाचनाची गावकऱ्यांकरवी चाचणी घेतली. काहींत गावातल्याच तरुणांना वाचनवर्ग घ्यायला शिकवलं. नुसत्या बैठका आणि माहितीने मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. तरुणांच्या वर्गांना जी मुलं गेली ती चांगलं वाचू लागली, पण गेलीच फार थोडी. इथे दोन वेगळ्या गोष्टी कळल्या. शिकवायची पद्धत चांगली होती, पण ती मुलांपर्यंत पोचण्याची वाट अरुंद होती.

मग तीच पद्धत सरकारी शाळांतून न्यायचं ठरलं. बिहारमध्ये उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच ती वापरली आणि मुलं सुधारली. पण शाळा सुरू असताना शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तर फारसं काही हललं नाही. शिक्षक तेच होते, पुस्तकंही तीच होती. शाळा भरली की त्यांना अभ्यासक्रम संपवायचा असे, आणि पद्धत बाजूला पडे. हे कळल्यावर २०१२-१३ मध्ये हरियाणात शाळेच्या दिवसात एक तास खास वेगळा काढला, मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या पातळीप्रमाणे बसवलं आणि शिक्षकांना नियमित भेटी देणारी माणसं नेमली. मुलांच्या भाषेच्या गुणांत सुधारणा दिसली.

हे वाचताना मला दर वेळी वाटतं, जौनपूरचा निकाल कुणी ‘आमचे वर्ग यशस्वी’ म्हणून गुंडाळून ठेवला असता, तर हरियाणातला तो तास कधीच निघाला नसता. एकेका अपयशाला ‘नेमकं कुठे अडलं?’ असं विचारणारी माणसं तिथे होती, आणि उत्तर ऐकून काम बदलायची तयारी संस्थेचीही होती. बाबांना ही गोष्ट सांग.

चिठ्ठ्या टाकण्याबद्दल तू वाचलं असशील. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशा प्रयोगांसाठीच. तुलना का लागते, ते केनियातल्या एका अनुभवातून चांगलं समजतं. तिथल्या शाळांत भिंतीवर लावायचे शैक्षणिक तक्ते होते. ज्या शाळांत तक्ते आहेत आणि ज्यांत नाहीत, त्यांचे गुण नुसते शेजारी ठेवले, तर तक्त्यांचा मोठा फायदा दिसत होता. मग चिठ्ठ्या टाकून काही शाळांना तक्ते दिले, तर फरक जवळजवळ शून्य. तक्ते घेऊ शकणाऱ्या शाळा मुळातच बऱ्या परिस्थितीतल्या असाव्यात, आणि त्याचं श्रेय तक्त्यांना जात होतं. तिथेच पाठ्यपुस्तकं वाटून पाहिली, तेव्हाही सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीपासूनच हुशार असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि अनेक मुलांची ती तिसरी भाषा होती. शेवटचं वाक्य कुठल्याही संगणकातून निघत नाही. त्यासाठी वर्गात जाऊन बसावं लागतं, मुलाच्या हातातलं पुस्तक बघावं लागतं.

तुलनागट ठेवणं म्हणजे काहींना मुद्दाम वंचित ठेवणं, असं तुझ्या मनात येईल. यायलाच हवं. उपाय गुणकारी आहे हे आधीच ठाऊक असेल, तर तो कुणापासून रोखून धरायचा नाही. पण उपयोग होईल की नाही हेच माहीत नसतं, किंवा पैसे आणि माणसं एकदम सगळ्यांना पुरणार नसतात, तेव्हा आधी कोणाला हे ओळखीवर ठरण्यापेक्षा चिठ्ठीने ठरलेलं मला जास्त न्याय्य वाटतं. मेक्सिकोत १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ नावाची योजना सुरू झाली. मुलं शाळेत गेली आणि कुटुंबाने आरोग्य तपासण्या केल्या, तर आईच्या हाती पैसे. तिथे काही गावांना आधी, काहींना नंतर योजना मिळाली आणि त्या मधल्या काळात तुलना झाली. २००० मध्ये सत्तांतर झालं तरी योजना नाव बदलून टिकली, त्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता.

आरोग्याकडे वळताना माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते. एका बालपोषण कार्यक्रमाचे फॉर्म मी तपासत होते. वजनाच्या रकान्यात जिकडेतिकडे पूर्ण किंवा अर्धा किलो. खरी मुलं अशी नेमकी अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढत नाहीत. वरिष्ठांनी लगेच निकाल दिला, केंद्रावर वजन घेणाऱ्या ताई घरी बसून आकडे भरतात. मी केंद्रावर गेले. ताईंनी काटा हुकाला लटकवला, मुलाला झोळीत घातलं. मूल किंचाळत होतं, पाय झाडत होतं, काटा थरथरत होता, मागे आया रांगेत खोळंबलेल्या. काटा स्थिर व्हायची वाट बघायला वेळच नव्हता. ताईंनी जवळची ठळक रेघ धरली आणि लिहिलं. मग मी रिकामी झोळी अडकवून पाहिली, तर काटा शून्याच्या पुढे. झोळीचं वजन वजा करा, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सगळीच मुलं कागदावर थोडी जड. काठावरची कितीतरी मुलं ‘ठीक’च्या रकान्यात गेली होती, आणि ‘ठीक’ असलेल्या मुलाला पूरक आहार मिळत नव्हता.

दुरुस्ती साधी होती. रोज सकाळी झोळीसकट काटा शून्यावर आणायचा, आयांना वेळा वाटून द्यायच्या, एकीने आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने लिहायचा. त्या ताईंना खोटं ठरवून आम्ही मोकळे झालो असतो, तर त्या मुलांना कुणीच शोधलं नसतं. तेव्हापासून विचित्र आकडा दिसला की मी आधी तो लिहिणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसते.

नीट मोजल्याने किती मोठं काम उभं राहतं, ते पाहायचं तर अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीतलं काम वाच. १९९० च्या दशकात त्यांनी ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. उपचार सुरू करण्याआधीच जन्ममृत्यूच्या नोंदी चोख केल्या होत्या. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेच्या गावांतला बदल हिशेबात धरून, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो शोधनिबंध १९९९ मध्ये आला. नोंदी आधी नसत्या, तर हा दावा करताच आला नसता. बाळ वाचलेलं दिसतं, पण किती बाळं दगावायची थांबली हे मोजल्याशिवाय दिसत नाही.

पुढे काय शिकायचं? संख्याशास्त्राचा पाया तुझ्याकडे आहे, तो सोडू नकोस. त्यावर सार्वजनिक आरोग्य, विकासाचं अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र यांपैकी एक पदव्युत्तर विषय चढव. आजार आणि दवाखाने ओढून घेत असतील तर साथरोगशास्त्र शिकवणारा अभ्यासक्रम बघ, वर्ग आणि मुलं ओढत असतील तर शिक्षण. माझं मत विचारशील, तर थेट प्रवेश घेण्याआधी एक वर्ष फील्डवर काम कर. एखाद्या पाहणीत घरोघर जाऊन फॉर्म भर. प्रश्न कागदावर किती शहाणा दिसतो आणि उंबऱ्यावर किती मूर्ख ठरतो, हे तिथेच कळतं. वर्ग घेणाऱ्या ताईंच्या देखत मुलाला ‘वर्ग आवडतो का?’ विचारलंस तर ते ‘हो’च म्हणणार. त्याच्यापुढे चार ओळींचा उतारा ठेव आणि वाच म्हण. एक्सेल तुला येत असेलच, जोडीला आर किंवा स्टाटा यांपैकी आकडेवारीचं एक सॉफ्टवेअर शीक. आणि लिहायला शीक. मुख्याध्यापकाला दहा मिनिटांत वाचता येईल असं दोन पानी टिपण लिहिता येणारी माणसं या क्षेत्रात फार कमी आहेत.

बाबांची काळजी चुकीची नाही, हेही मोकळेपणाने सांगते. सुरुवातीचा पगार बहुतेक वेळा कंपन्यांतल्या डेटाच्या नोकऱ्यांपेक्षा कमी असतो. नेमणुका प्रकल्पापुरत्या असतात, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. पण तू शिकशील ती साधनं दोन्हीकडे तीच आहेत, त्यामुळे परतीचा दरवाजा बंद होत नाही.

पैशांपेक्षा जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. ‘देणगीदारांना एवढंच लागतं’ हे वाक्य तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकातच बजावलं होतं, की एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगले जातात तितका तो आकडा बिघडवण्याचा दबाव वाढतो. म्हणून मुलाखतीला जाशील तेव्हा समोरच्यांना एक प्रश्न विचार. मागच्या मूल्यमापनानंतर तुम्ही कामात काय बदललं? एखादा तरी ठोस बदल सांगता आला, तर तिथे जा. उत्तरात नुसतं अहवालाचं कौतुक आलं, तर पगार चांगला असला तरी दोनदा विचार कर.

तू कोण, असं विचारलं आहेस. दीड वर्ष त्या मुलांसोबत जमिनीवर बसलेली तू आहेस. अहवालातल्या त्या शब्दांनी तू अस्वस्थ झालीस, कारण वर्गांवर तुझा जीव आहे. बाहेरून आलेल्या माणसाला ती गळालेली मुलं दिसलीच नसती.

तर परीक्षेआधी एवढं कर. वर्ग सोडून गेलेल्या मुलांची यादी काढ. संस्थेची परवानगी घे, आईवडिलांना विचार, आणि त्यांतल्या दहा जणांच्या घरी जा. चाचणीतलाच उतारा त्यांच्याकडून वाचून घे, आणि वर्ग का सुटला ते ऐक. मधे बोलू नकोस. संध्याकाळची वेळ जमत नव्हती, धाकट्या भावंडाला सांभाळायचं होतं, की सगळ्यांसमोर अडखळत वाचायची लाज वाटत होती, ते त्यांच्याच शब्दांत लिही. नावं झाकून त्याचं एक पान कर. ते पान अहवाल लिहिणाऱ्यांच्या आधी वर्ग घेणाऱ्या ताईंना दाखव, आणि पुढच्या सत्रात यातलं काय बदलता येईल ते दोघी मिळून ठरवा. मग एक प्रत मला पाठव. कोणता अभ्यासक्रम घ्यायचा ते आपण त्या पानावरून ठरवू.