स्कॅन नॉर्मल, मग डोकं अजून का दुखतंय?

"मॅडम, स्कॅन नॉर्मल आलाय. मग दोन महिने झाले तरी हिचं डोकं दुखतंच कसं?" कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला हादरा, बसलेल्या मुलांचे आईवडील हे हमखास विचारतात. पुढचा प्रश्न मूल खोलीबाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून येतो: ती नाटक तर करत नाही ना?

नाही. सीटी स्कॅन काढतात तो कवटीचं हाड मोडलंय का, आत रक्तस्राव झालाय का, हे पाहायला. कन्कशनमध्ये बिघडतो तो मेंदूतल्या पेशींचा कारभार, आणि तो या स्कॅनमध्ये दिसत नाही. पुढे तो सावरला तरी मान, तोल, डोळ्यांची हालचाल, झोप, मनावरचा ताण यांतून त्रास रेंगाळू शकतो. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. पण कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१६) इमर्जन्सीत आणलेल्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना चार आठवड्यांनंतरही त्रास होत होता. म्हणजे तुमचं मूल काही जगावेगळं नाही.

हा प्रश्न घेऊन आलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. फुटबॉल खेळताना दुसऱ्या खेळाडूचं डोकं तिच्या डोक्यावर आदळलं होतं. "पूर्ण विश्रांती" असं कुणीतरी सांगितलं आणि घरच्यांनी ते जिवापाड पाळलं. पडदे ओढलेली खोली, फोन बंद, शाळा बंद, मैत्रिणींना मनाई. बाबा तासातासाला विचारायचे, "आता किती दुखतंय?"

एकटी बसल्यावर ती म्हणाली, "दुखतंय म्हटलं तर कुणाला खरं वाटत नाही. बरं वाटतंय म्हटलं तर सगळे म्हणतात, चल मग, अभ्यासाला लाग." या कात्रीत सापडलेलं मूल बरं होणार कसं? उदास वाटतं का, जगणं नकोसं होतं का, हेही मी तिला सरळ विचारलं. अशा मुलांना हे विचारायलाच हवं. विचारल्याने तसले विचार डोक्यात भरत नाहीत. तिला ते येत नव्हते, पण रडू रोज येत होतं.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती हवीच, स्क्रीनही कमी हवा. त्यापुढे अंधारात पडून राहण्याचा फायदा नाही. अमेरिकेतल्या २०१५ च्या एका अभ्यासात पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्या मुलांनी, एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्त त्रास नोंदवला होता. महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं की झोप बिघडते, अंगातली ताकद जाते, आणि सगळं लक्ष दुखण्यावरच खिळतं.

डॉक्टरांनी तपासलं, फिजिओथेरपिस्टने मान आणि तोल पाहिला, मग आम्ही चालण्यापासून सुरुवात केली. नियम एकच: दुखणं दहापैकी किती ते आधी ठरवायचं, चालताना ते दोन अंकांपेक्षा जास्त वाढता कामा नये आणि तासाभरात खाली यायला हवं. पहिल्याच दिवशी तीनाचे चार झाले. ती घाबरून थांबणार होती. अर्ध्या तासात परत तीन. "म्हणजे चाललं तरी चालतं?" असं तिने विचारलं, तेव्हा दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती हसली, असं आई म्हणाली.

खरी अडचण बऱ्या दिवसांची होती. एक दिवस छान गेला की ती उरलेला सगळा अभ्यास उरकायला बसायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. म्हणून बऱ्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही, आणि वाईट दिवशी थोडं का होईना पण करायचं. हे तिला चालण्यापेक्षा जड गेलं. बाबांनी "किती दुखतंय" विचारणं बंद केलं. नोंद संध्याकाळी एकदाच, तीही तिने करायची. बाबांना ते सोपं गेलं नाही, पण त्यांनी पाळलं. डोकेदुखीची गोळी ती जवळजवळ रोज घेत होती. महिन्यातले निम्मे दिवस, महिनोन्‌महिने गोळी घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखू लागू शकतं, म्हणून डॉक्टरांनी ती कमी करत आणली. शाळा अर्ध्या दिवसाने सुरू झाली, मध्ये विश्रांती आणि काही दिवस चाचण्यांतून सूट.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. एका आठवड्यात ती पुन्हा अंधाऱ्या खोलीत गेली होती. आता ती पूर्ण वेळ शाळेत जाते; खूप गोंगाट असला की डोकं अजून दुखतं.

"खेळू देऊ का?" असं आईने परवा विचारलं. शाळेचा पूर्ण दिवस आणि दमवणारा व्यायाम, दोन्ही त्रासाशिवाय जमले की डॉक्टरांकडे जा. टक्कर होऊ शकेल असा सराव आणि सामना त्यांच्या परवानगीनंतरच, असं मी सांगितलं. आणि डोक्याला पुन्हा मार लागून उलट्या सुरू झाल्या, फिट आली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, झोपेतून उठवणं कठीण झालं किंवा डोकेदुखी वाढतच गेली, तर माझी अपॉइंटमेंट शोधत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.