परसातील पहिला भाजीमळा: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की, घरामागे सुमारे शंभर चौरस मीटर मोकळी जागा असून माती तांबडी व खडेरी आहे आणि आजवर भाजी कधीच लावलेली नाही, तर सुरुवात केव्हा व कशाने करावी. फोंड्याच्या एका भगिनींची तक्रार अशी की, गेल्या हंगामात त्यांची वांग्याची झाडे ऐन फळधारणेच्या वेळी, पाने हिरवी असतानाच, दोन-तीन दिवसांत माना टाकून गेली. माडाच्या सावलीत काय लावता येईल, असेही एकांनी विचारले आहे.

पहिल्या वर्षी सगळी जागा खोदूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असे चार वाफे नवख्या माणसाला पुरेसे होतात. रुंदी एवढीच ठेवल्यास दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफा पायाखाली तुडवला जात नाही. मुसळधार पावसात बारीक बी वाहून जाते, म्हणून पेरणी दसऱ्यानंतर करावी आणि तोवर मातीकडे लक्ष द्यावे. आपली जांभ्याची माती आम्ल असते व पाणी फार धरून ठेवत नाही. त्यामुळे विभागीय कृषी कार्यालयाच्या मार्गदर्शनाने मातीचा नमुना तपासून घ्यावा आणि अहवालात सांगितला असेल तेवढाच चुना पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावा. चुना व शेणखत एकाच वेळी घालू नये, कारण त्यामुळे खतातील नत्र वायुरूपाने उडून जाते. शेणखत नंतर, चौरस मीटरला दोन ते अडीच किलो या प्रमाणात द्यावे. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली, तर ते अजून कुजलेले नाही असे समजावे.

पहिले पीक तांबड्या भाजीचेच (लाल माठाचेच) घ्यावे. तिचे बी खसखशीसारखे बारीक असल्याने कोरड्या वाळूत मिसळून पेरावे, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि बारीक भोकांच्या झारीने पाणी घालावे. मुंग्या हे बी उचलून नेतात (कित्येकदा दोष मात्र बियाण्याच्या दुकानदाराला लागतो), म्हणून वाफ्याच्या कडेने न्हाणीच्या चुलीतली राख टाकावी. साधारण महिनाभरात भाजी उपटण्याजोगी होते. दुसरा वाफा पंधरा दिवसांनी पेरल्यास सगळी भाजी एकदम हाती येत नाही. उरलेल्या वाफ्यांत मुळा व अळसांदे (गोव्यातील चवळी) जागेवरच पेरावेत. कोबी आणि फ्लॉवर यांवर अळीचा उपद्रव बराच होत असल्याने ते पुढच्या वर्षावर ठेवावेत.

फोंड्याच्या भगिनींच्या वर्णनावरून ती जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूंमुळे झाड अचानक कोमेजण्याचा रोग, असावी. खात्रीसाठी मलूल झाडाचे खोड बुंध्याजवळ कापावे आणि त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात, कापलेले टोक खाली राहील असा, न हलवता धरावा. काही मिनिटांत त्यातून दुधासारखी पांढरी धार उतरू लागली, तर निदान पक्के समजावे. अशा झाडाला कोणतेही औषध वाचवत नाही. ते मुळासकट काढून जाळावे, खताच्या खड्ड्यात टाकू नये, आणि वापरलेले खोरे धुऊन घ्यावे. त्या वाफ्यात निदान तीन वर्षे वांगी, मिरची किंवा टोमॅटो न लावता मका अथवा अळसांदे घ्यावेत, तसेच तिथले पाणी दुसऱ्या वाफ्यात वाहू देऊ नये.

माडाखालच्या सावलीत फळभाज्यांची अपेक्षा धरू नये, कारण त्यांना रोज निदान सहा तास ऊन लागते. तिथे अळू, सुरण, आले व हळद यांची लागवड करावी.