सुवर्णदुर्ग, कासवं आणि "दहा ते पाच"

ताई, सासू-सासऱ्यांना मार्चमध्ये दापोलीजवळ हर्णैला न्यायचंय, तिथला समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला आणि कासवाची पिल्लं दोन्ही दाखवायचीत, आणि फोनवर तुम्हाला "होड्या दहा ते पाच चालू, कासवं रोज" असं सांगितलं गेलं, हे वाचून राहवलं नाही. हेच वाक्य, याच क्रमाने, मलाही ऐकवलं होतं. राहायचं कुठे, यायचं कसं हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे, त्यात मी पडत नाही.

पर्यटकांना माहिती द्यायलाच उघडलेलं एक कार्यालय आहे. नाव घेत नाही. तिथे जाऊन समोरासमोर विचारलं होतं, सोबत गुडघ्यांनी बेजार झालेले सासरे आहेत हेही सांगितलं होतं. "कधीही जा, दहा ते पाच." दिवस अष्टमीचा. बारा वाजता पुळणीवर पोचलो तर पाणी पार आत ओसरलेलं, होड्या कुशीवर कललेल्या. एक खलाशी जाळं शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आता कसली होडी? तिथी बघून नाय आलात?" परतताना कार्यालयात गेलो तर साहेब मीटिंगला. लेखी अर्ज द्या. दिला. आवक क्रमांक पडला आणि काही महिन्यांनी उत्तर आलं की हा विषय दुसऱ्या खात्याकडे येतो. त्यांच्या माहितीपत्रकात सुवर्णदुर्ग म्हणून चक्क जंजिऱ्याचा फोटो होता, तो कुठल्या खात्याकडे येतो ते मी विचारलं नाही.

तर तिथी. चालू तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि हा ठोकताळा आहे, वेळापत्रक नव्हे, म्हणून आदल्या संध्याकाळी होडीवाल्यालाच विचारा. वयस्कर माणसं असतील तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, पाण्याची चढउतार कमी. सकाळची भरती सहाची, म्हणजे आठच्या सुमारास निघालात तर बरं. किल्ल्यापाशी धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. सासूबाईंना हे आधी सांगा, ऐन वेळी नऊवारी भिजली की सगळी सहल भिजते.

आत काय बघायचं? दरवाजा किनाऱ्याच्या बाजूला, पण बुरुजांआड असा दडवलाय की होडी अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. पायरीवर कासव कोरलंय, बाजूला तटावर मारुती. बरेच लोक कासवावर पाय देऊन पुढे जातात. शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला, मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या कर्तबगारीची सुरुवात इथली. १७५५ मध्ये कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एक झाले. इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने समुद्रातून तोफा डागल्या नि किल्ला पडला. सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोटचा किल्ला इंग्रजांना. आपल्याच आरमाराचं कंबरडं मोडायला परक्याला बोलावलं, हे मला आजही पटत नाही. (इतिहासाचे जाणकार रागावतील, रागावू देत.) २०२५ मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या यादीतल्या बारा किल्ल्यांत आला, त्यामुळे सुट्टीचे वार शक्यतो टाळाच. होडी नाहीच मिळाली तर किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावरून समोर बेट दिसतं, तेवढ्यावरही वडीलधारी खूश असतात.

कासवांचं "रोज" तर डोक्यातूनच काढा. इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते, ती साधारण पन्नास दिवसांनी फुटतात, वाळू किती तापते यावर दिवस मागेपुढे होतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, हेही वाळूच ठरवते. वेळास या किनाऱ्यावरच्या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन २००२ च्या सुमारास काम सुरू केलं. पूर्वी हीच अंडी माणसं, कुत्री आणि कोल्हे पळवायचे. आता हर्णैजवळच्या आंजर्ल्यालाही घरटी कुंपणात राखतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात. पिल्लं निघाली असतील तर सोडतात, नसतील तर नाहीत. म्हणून आंजर्ल्यात दोन रात्री राहा, म्हणजे चार वेळा संधी मिळते. आणि कृपा करून मोबाईलची बॅटरी लावू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, तुमच्या फोटोपायी ती भलतीकडे वळतील.

हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी पुळणीवरच भरतो. बोली टोपलीवर लागते, सुटं हवं तर कडेला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून घ्या आणि घासाघीस बेतानेच करा. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा "ताजा पापलेट" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

मी गाईड नाही, माझं सासर त्या बाजूला एवढंच. होडीचं भाडं मुद्दाम लिहिलेलं नाही, दरवर्षी बदलतं. तुमची तारीख कळवा, तिथी काढून देईन.